बटण दाबलं की लागलं पाहिजे

"माणसाच्या उंचीचं कपाट. वर पाटी, तिला आतून दिवा. मध्ये तिरपी काच, खाली पुढे आलेली फळी, मागे दार." एवढं सगळं कागदावर काढून दिल्यावर मिस्त्रींनी पेन्सिल कानावर खोचली आणि विचारलं, "मूर्ती केवढी आहे?"

आई लगेच बाहेर आली. देव्हारा होतोय म्हटल्यावर या खर्चाला असलेला तिचा विरोध मावळला होता. आत व्हिडिओ गेमचा संगणक बसणार हे कळल्यावर तो दुप्पट जोमाने उगवला. तरीही १९ मिलिमीटर प्लायचं, लाल सनमायका लावलेलं ते धूड हॉलमध्ये उभं राहिलंच. जॉयस्टिक आली, रंगीत बटणं आली, ऑफिसने निकालात काढलेला एक संगणक आत बसला. आईने सगळ्याला एक फेरी मारली आणि म्हणाली, "बटण दाबलं की लागतं ना?"

इतकं नेमकं मागणीपत्रक मी आजवर एकाही निविदेत वाचलेलं नाही. त्याला पुरी उतरेल अशी ऑपरेटिंग सिस्टिम शोधण्यात अख्खा श्रावण गेला.

खरं तर व्हिडिओ गेम पार्लरांतल्या मूळ यंत्रांना हा प्रश्नच नव्हता. १९९३ साली कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आला. त्यात चार पात्रं, त्यातला एक मुस्तफा कैरो. हा धावत येऊन अशी लाथ घालतो की आपल्याकडच्या पोरांनी खेळाचंच नाव 'मुस्तफा' करून टाकलं. बाकीच्या तिघांची नावं आज कुणाला विचारून पाहा. मिरजेत एस.टी. स्टँडजवळच्या पार्लरचे मालक सकाळी शटर उघडून मेन स्विच वर करायचे. पडद्यावर क्षणभर वेडीवाकडी चिन्हं नाचायची, बोर्ड आपली मेमरी तपासायचा आणि मुस्तफा हजर. खेळ चिपमध्येच कोरलेला. त्याच्या खाली विंडोज नाही, लिनक्स नाही, कुणी नाही. रात्री स्विच खाली की यंत्र बंद. 'आपण खरोखर बंद करू इच्छिता का?' असं त्या मालकांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

वीज गेली तरी यंत्राचं काही बिघडायचं नाही. जायचा तो हाय स्कोअर. त्या काळच्या पुष्कळ खेळांत तो विजेवरच जिवंत असायचा, त्यामुळे दुपारभर घाम गाळून तीन इंग्रजी अक्षरांत मिळवलेलं अमरत्व लोडशेडिंगपर्यंत टिकायचं.

तोच मुस्तफा संगणकावर आणायचा तर मध्ये 'मेम' लागतो. निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने १९९७ साली हा प्रोग्रॅम पहिल्यांदा बाहेर काढला. जुन्या बोर्डावरचे प्रोसेसर, आवाजाच्या चिपा, सगळ्यांची तो हुबेहूब नक्कल करतो. (खेळ मात्र त्याच्याबरोबर येत नाहीत, त्यांचे हक्क ज्याचे त्याच्याकडे असतात. हा मुद्दा मी घरात काढला तेव्हा भाच्याला एकदम अभ्यास आठवला.) आता हा मेम हवेत चालत नाही, खाली काहीतरी टाकावं लागतं. तिथे नातेवाईक येतात.

"एक्सपी टाका दाजी. बाकी सगळं झूठ," मेव्हणा म्हणाला. २००१ साली विंडोज एक्सपी आली तिथे मानवजातीची प्रगती पूर्ण झाली, असं त्याचं मत आहे. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा आधार काढून घेतला, हे तो मानत नाही. पण त्याचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. जे यंत्र इंटरनेटला जोडायचंच नाही, त्याला व्हायरसची भीती कशाची? शिवाय रजिस्ट्रीतली एक नोंद बदलली की डेस्कटॉपच्या जागी थेट खेळांची यादी उघडते. ती हिरवी टेकडी दिसतसुद्धा नाही. अडचण एवढीच की मेमच्या नव्या आवृत्त्या एक्सपीवर चालत नाहीत. "मग जुनी घ्या! खेळ १९९३ चा, मेम नवा कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले. ते चहाला आले आणि म्हणाले, "डॉसला काय धाड भरली होती?" मेमचा जन्म डॉसवरच झाला होता, तेव्हा इतिहास त्यांच्या बाजूने होता. वर्तमान नव्हता, पण त्यांनी बिस्किटं संपवली.

नवं विंडोज का नाही, असं बायकोने विचारलं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, ती आमच्या निकालात निघालेल्या संगणकात कुठली? डायनोसॉरला लाथ घालायला सुरक्षा कशाला, असं वाटेल. पण कॅपकॉमला हे तेव्हाच सुचलं होतं. अस्सल मुस्तफाच्या बोर्डात आवाजाच्या प्रोसेसरचा कोड कुलूपबंद असायचा आणि कुलपाची किल्ली एका बॅटरीवर जगायची. बॅटरी संपली की किल्ली गेली, बोर्ड निकामी. आपल्याकडच्या पार्लरांत त्यातले अस्सल बोर्ड किती होते, हे विचारू नये.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. "मामा, आर्केडला विंडोज?" असं त्याने ज्या स्वरात विचारलं, त्या स्वरात आमच्या वडिलांनी माझे मार्क विचारले होते. त्याचं म्हणणं, लिनक्स. मी म्हटलं, टाक. त्यावर कळलं की लिनक्स एक नसतं. रेट्रोपाय मुख्यतः रास्पबेरी पायवाल्यांची, लाक्का रेट्रोआर्चवाल्यांची, ग्रूव्हीआर्केड जुन्या काचेच्या जाड मॉनिटरवर जीव असणाऱ्यांची, आणि बॅटोसेरा पेनड्राइव्हवरून चालणारी, आतल्या डिस्कला हातही न लावणारी. प्रत्येक पंथाचा टिळा वेगळा, आणि दुसऱ्याच्या टिळ्याकडे पाहायची दृष्टी सगळ्यांची एकच.

मग पडद्याचं प्रकरण निघालं. आमचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. पॅक-मॅनला ६०.६ लागतात, आर-टाइपला ५५, मॉर्टल कॉम्बॅटला ५४.७. हिशेब जुळत नाही म्हणून मध्येच चित्राला बारीक झटका बसतो. "दिसला का मामा?" भाचा म्हणाला. मी "हो हो, दिसला," म्हणालो. मेव्हण्याला तो झटका लिनक्सवर स्पष्ट दिसला आणि एक्सपीवर अजिबात नाही. पडदा तोच, खेळ तोच. बायको पडद्याकडे बघत होती, मग आम्हा तिघांकडे बघू लागली. तिला झटके तिथे दिसले असावेत.

निर्णय लागला तो आईच्या एका सवयीमुळे. रात्री झोपण्यापूर्वी ती गॅस बघते, कडी बघते आणि हॉलमधले सगळे स्विच फटाफट बंद करते. संगणकाला आधी शटडाऊन करावं लागतं, हे तिला पटणं शक्य नाही. "फ्रिजला विचारतो का आपण?" बॅटोसेराचा मूळ भाग नुसता वाचण्यापुरता असतो, त्यावर काही लिहिलं जात नाही; मध्येच वीज तोडली तरी तो सहसा शाबूत राहतो. खेळाच्या नोंदी ज्या भागात साठतात तो मात्र धोक्यात असतो, हे भाचाही कबूल करतो. पण नोंदी पुसल्या जाण्याची मला मिरजेपासून सवय आहे. वर बायोसमध्ये 'वीज आली की आपोआप सुरू हो' अशी एक सोय सापडली. ती लावली आणि भिंतीवरचं बटण हाच मेन स्विच झाला. आईने ते दाबलं, थोडा वेळ वाट बघितली, खेळांची यादी आल्यावर "लागलं," म्हणाली आणि बंद करून निघून गेली.

गणपतीत मेव्हणा आला तेव्हा यंत्र चालूच होतं. आरतीनंतर जो उभा राहिला तो पान वाढेपर्यंत हलला नाही. मुस्तफा धावत होता, लाथा पडत होत्या.

"शेवटी माझंच ऐकलंत ना दाजी," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "बघा, कसं लोण्यासारखं चाललंय. एक्सपी ती एक्सपीच."

भाच्याने तोंड उघडलं. आईने वेळ साधून त्यात अख्खा मोदक घातला.