सत्तेचाळीस

त्यांना ‘गाडी कशी आहे?’ असं विचारायचं नसतं. हे तुम्हाला सांगायला नकोच, कारण तुमच्याही सोसायटीत असा एक गृहस्थ असणार. निवृत्त, चष्मा कपाळावर, खिशात पेनाच्या जागी टेस्टर आणि पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने बनवलेली, किंवा गेली काही वर्षं बनत असलेली, एक वस्तू. कुणाची पवनचक्की असते, कुणाचा सोलर कुकर. आमच्या काकांची इलेक्ट्रिक मोटार आहे. नवा भाडेकरू सौजन्य म्हणून विचारतो, ‘काय काका, गाडी कशी आहे?’ काका म्हणतात, ‘गाडी उत्तम. मोटर उत्तम. बॅटरीला तर तोडच नाही. फक्त कंट्रोलर...’ आणि या ‘फक्त’च्या पुढे भाडेकरूचं दूध उतू जातं, मुलाची स्कूलबस निघून जाते आणि संध्याकाळी बायको विचारते, ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं तिकडे जायला?’

मूळची ती पांढरी मारुती ८००. काकांनी तिचं इंजिन उतरवलं, गिअरबॉक्स ठेवला आणि त्याला भंगारात निघालेल्या फोर्कलिफ्टची एसी मोटर जोडली. दोघांचे शाफ्ट एका रेषेत यावेत म्हणून मधली प्लेट भोसरीच्या एका लेथवाल्याकडून इतक्यांदा करून घेतली की तो आता काकांचा फोन उचलत नाही. उतरवलेलं इंजिन अजून जिन्याखाली ताडपत्रीत आहे. कमिटी दर सभेत त्याच्यावर ठराव करते आणि इंजिन तिथेच राहतं. मागच्या सीटच्या जागी बॅटरी: ३.२ व्होल्टचे २४ सेल, एकूण ७६.८ व्होल्ट. कुणी ‘पंचाहत्तर’ म्हणालं तर काका तिथल्या तिथे दुरुस्त करतात.

बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये बसलेला चपटा डबा म्हणजे कंट्रोलर. बॅटरीतली डीसी घ्यायची, तिची तीन फेजची एसी करायची आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय किती दाबलाय ते वाचून मोटरला किती करंट सोडायचा ते ठरवायचं, हे त्याचं काम. डबा त्याच फोर्कलिफ्टचा, वयस्कर, पण तत्त्वाला पक्का. काही बिनसलं की तो गाडी थांबवतो आणि डोळे मिचकावू लागतो. लाल दिवा एकदा, मग पिवळा चार वेळा. लाल दोनदा, मग पिवळा सात वेळा. लाल सांगतो कितवा आकडा, पिवळा सांगतो कोणता. पहिला चार, दुसरा सात.

सत्तेचाळीस.

‘सत्तेचाळीस म्हणजे बिघाड नव्हे,’ काका बोट वर करून सांगतात. ‘सत्तेचाळीस म्हणजे क्रम चुकला. आधी किल्ली, मग पुढे जायचंय की मागे ते, आणि मग पाय. पाय आधी पडला असेल तर तो मोटरला एक अँपिअर देणार नाही. का? किल्ली फिरवली आणि गाडी थेट भिंतीत, असं होऊ नये म्हणून! पाय काढा, नीट पहिल्यापासून या, मग बोलू.’

इथवर ठीक होतं. पण काकांना हळूहळू दिसू लागलं की जगात चौदा नंबर आहे, छत्तीस आहे, बेचाळीस आहे, पण खरा बोकाळलाय तो सत्तेचाळीसच. बी विंगमधल्या चिरंजीवांनी मुलीचा होकार यायच्या आधी कार्यालयाला ॲडव्हान्स दिला: सत्तेचाळीस. तळमजल्याच्या बाईंनी आधी ट्रेडमिल आणली आणि मग ती ठेवायला जागा शोधली: सत्तेचाळीस. आमच्या गल्लीत काँक्रीटचा गुळगुळीत रस्ता झाला आणि पंधरवड्यात ड्रेनेजची लाइन टाकायला तो फोडायला माणसं आली, तेव्हा काका गेटबाहेर खुर्ची टाकून बसले. ब्रेकर सुरू झाला की मुकादमाकडे बघून चार बोटं दाखवायचे, मग सात. मुकादमाला वाटलं, चहा सांगतायत. अकरा कप सांगितले असं समजून त्याने मान हलवली.

कळस झाला तो एका तेराव्याला. जेवणं चालू असताना धाकट्या नातवाने फ्लॅट कुणाच्या नावावर होणार, असं विचारलं. पंगतीत शांतता. काकांनी तोंडातून शब्द काढला नाही. नुसते डोळे मिचकावले. चार वेळा, थांबून सात वेळा. आम्ही चार-पाच जण हात धुवायच्या निमित्ताने घाईघाईने उठलो.

आणि मग तो नंबर त्यांच्याच गाडीत मुक्कामाला आला. किल्ली फिरवली की सत्तेचाळीस. पाय पेडलच्या जवळपासही नाही, तरी सत्तेचाळीस. काकांचा आनंद काय वर्णावा! तपकीर गल्लीत जाऊन पेडलचा नवा पोटेन्शिओमीटर आणला, पाच किलोओहमचा. तो जुन्याइतकाच निर्दोष निघाला. वायरी तपासल्या, कारण मागे एकदा उंदरांनी पेडलची वायर कुरतडून बेचाळीस नंबर आणला होता. या खेपेला उंदीरही निर्दोष. रात्री अकराला पार्किंगमध्ये मल्टिमीटरची पी-पी चालू असायची. वॉचमनने आपली खुर्ची दुसऱ्या गेटला नेली. काका वहीत पानामागून पान भरत होते: पाय वर असताना किती ओहम, दाबल्यावर किती, पहाटे किती. ‘शून्यावर येत नाहीये,’ ते कुजबुजत. ‘कुठेतरी जरासा दाब आहे. पण कुणाचा?’

एका सकाळी काकू डबा घेऊन खाली आल्या, गाडीत वाकल्या आणि ओरडल्या, ‘अहो! माझं पायपुसणं इथे आहे होय? आणि मी कामवालीला बोलतेय!’ ‘सुस्वागतम’ लिहिलेलं ते पायपुसणं काकांनी गुडघे टेकायला आणलं होतं, आणि ते सरकत सरकत पेडलखाली नव्हे, पेडलवर चढून बसलं होतं. काकूंनी ते ओढून काढलं. दिवा विझला. काका बराच वेळ त्या पायपुसण्याकडे बघत होते. नंतर वहीत त्यांनी काय लिहिलं ते मी डोकावून पाहिलं: ‘दोष: ४७. कारण: बाह्य वस्तू. निदान: सौ.’

बाकीच्या भानगडी मी तुम्हाला सांगत बसत नाही, काका सांगतील. एन्कोडरची नाजूक वायर मोटरच्या जाडजूड केबलींना चिकटवून नेली म्हणून गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. ती वेगळी केली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, थरथर थांबली. चढावर व्होल्टेज कोसळायचं आणि सपाटीवर सगळं ठीक. तो गुन्हेगार म्हणजे केबलच्या टोकाचा एक नीट न दाबलेला लग. काकांनी काकूंना हिशोब समजावून सांगितला: जोडात फक्त दहा मिलीओहम, पण दोनशे अँपिअर वाहिला की तिथे चारशे वॅटची उष्णता. ‘म्हणजे अर्धी इस्त्री!’ काकू म्हणाल्या, ‘मग निदान रुमाल तरी करून आणा.’

पेट्रोलवाल्यांवर काकांचा राग नाही, कीव आहे. १८९९ साली पॅरिसजवळ जनात्झी नावाच्या बेल्जियन माणसाने विजेच्या गाडीतून ताशी १०५ किलोमीटरचा वेग गाठला, शंभराच्या पुढे गेलेली जगातली पहिली मोटार ती, हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. त्या गाडीच्या नावाचा अर्थ होतो ‘कधीच समाधानी नसलेली’. हे सांगताना ते काकूंकडे बघत नाहीत.

मला हा माणूस असह्य व्हायचा, हे मान्य करतो. त्यात फरक पडला माझ्या स्कूटरमुळे. कंपनीची, नवी कोरी इलेक्ट्रिक. एका संध्याकाळी सोसायटीच्या दारातच ती मेली आणि पडद्यावर सुबक अक्षरं उमटली: सेवा केंद्राशी संपर्क साधा. काका धावत आले. त्यांनी विचारलं, ‘कोड काय?’ मी म्हटलं, ‘कोड नाही. एवढंच.’ त्यांनी किल्ली बंद-चालू केली. पुन्हा तेच वाक्य. माझी परवानगी घेऊन झाकण उघडलं. आत कंट्रोलर काळ्या एपॉक्सीत ओतून बंद केलेला. काका त्यावरून बोट फिरवत राहिले. ‘पाण्यापासून, हादऱ्यापासून वाचवायला ओततात, ते बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘पण तोंडही बुजवलं?’

सेवा केंद्रातल्या मुलाने लॅपटॉप जोडला, काहीतरी केलं, गाडी चालू झाली. काय झालं होतं, असं मी विचारलं. ‘अपडेट मारलं, सर.’ हे उत्तर काकांना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण सांगितलं. ते चिडले नाहीत. ‘असं,’ म्हणाले आणि घरी गेले.

त्यानंतर काकूंनी एकदा बोलता बोलता सांगितलं. काकांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, सर्व्हिस विभागात. तिथल्या फॉर्मवर तीन रकाने असायचे: दोष, कारण, उपाय. मधला रकाना कोरा सोडून कुणी फॉर्म पाठवला तर काका तो परत करायचे, मग तो साहेबाचा असला तरी. एका वर्षी कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली आणि विभागातल्या निम्म्या लोकांना पत्रं आली. पत्रात आभार होते, रक्कम होती, शेवटची तारीख होती. ‘हे दोनदा मागची बाजू बघत होते,’ काकू म्हणाल्या, ‘तिकडे काही लिहिलंय का म्हणून.’

तो लाल-पिवळा दिवा लुकलुकला की काका का खुलतात, ते मला तेव्हा कळलं. गाडी न चालण्याचं त्यांना काही वाटत नाही. ती का चालत नाही हे ती सांगते, तोंडावर, साहेब कोण आहे ते न बघता. आता मीसुद्धा मधूनमधून खाली जाऊन ‘गाडी कशी आहे?’ विचारतो. अर्थात गॅसवर काही नसेल तेव्हाच.

गाडी, खरं सांगायचं तर, आता चालते. गेटपासून कचराकुंडीपर्यंत आणि परत, बिनआवाजाची, एकही कोड न देता. काका त्यामुळे जरा उदास असतात. रस्त्यावर मात्र ती नेता येत नाही. जुन्या गाडीत इलेक्ट्रिक किट बसवायला आपल्याकडे मुभा आहे, पण ते किट चाचणी होऊन मंजूर झालेलं हवं, आणि मग आरटीओने आरसीवर इंधनाचा रकाना बदलून द्यायला हवा. मंजुरी मिळते ती किटला. जगात एकच नग असलेल्या, फोर्कलिफ्टच्या पोटातून आलेल्या जोडणीला कोण देणार? अशी चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आमच्या कोथरूडच्याच टेकडीवर आहे. काकांच्या गॅलरीतून ती टेकडी दिसते. रोज पहाटे ते तिच्यावर फिरायला जातात, पायी.

हे सगळे नियम काका आम्हाला चहा पिता पिता तपशीलवार समजावत होते. काकू मेथी निवडत बसल्या होत्या. ‘म्हणजे गाडी आधी केलीत,’ त्या म्हणाल्या, ‘आणि परवानगीचं नंतर बघितलंत.’

काका थांबले. काकूंनी मान वर केली नाही. हातातल्या सुरीने स्टीलच्या ताटावर त्यांनी टकटक केलं. चार वेळा. जरा थांबून, सात वेळा.

इतका वेळ गप्प राहिलेले काका मी पाहिलेले नव्हते. मग त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. ‘निदान अचूक आहे,’ म्हणाले. ‘यावर उपाय एकच. पाय काढायचा, किल्ली बंद करायची, पहिल्यापासून.’

परवा ते पार्किंगमध्ये माझ्या बंद पडलेल्या झेनभोवती एक फेरी मारताना दिसले. बॉनेटकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ‘तशी ही पडूनच असते ना रे?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ‘मंजूर किटांची यादी मागवलीये,’ काका म्हणाले. ‘आरसी कुणाच्या नावावर आहे?’

मी गाडी हलवून मागच्या कोपऱ्यात, आंब्याच्या आडोशाला ढकलून ठेवली आहे. आरसी मात्र कपाटातून शोधून काढली.