आपलंच आहे, साहेब!

नानांनी कपिल देवचं कार्ड दाखवलं तेव्हा आमचा भाचा चौथीत होता. प्लास्टिकच्या खिशातला तो कपिल बघून पोराच्या तोंडून "भारी!" निघालं आणि नाना लगेच म्हणाले, "आपलंच आहे, साहेब." चौथीतल्या पोराला साहेब म्हणणारी माणसं झाशीतच मिळतात. पोरगं डोंबिवलीचं. डोंबिवलीत कुणी कुणाला सहसा काही देऊ करत नाही, आणि केलंच तर ते घेऊन आधी निघायचं असतं. त्याने कार्ड बाहेर काढलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. नानांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून नाना निघून गेले. ते कार्ड परत मिळवायला त्यांना एक कुल्फी, दोन समोसे, कोपरा दुमडलेलं योकोझुना पैलवानाचं कार्ड आणि शेवटी "बेटा, याला घामाने बुरशी येते" ही थाप खर्ची घालावी लागली. पण "परत दे" असं काही ते म्हणाले नाहीत. इलाइट चौराह्यावरचे सगळे रिक्षावाले तो सोहळा बघत होते.

असा एखादा नाना तुमच्याही ओळखीत असणार. तुमचा नाणी जमवत असेल किंवा काडेपेट्यांची चित्रं. आमचा खेळाडूंची कार्डं जमवतो. वस्तू बदलते, माणूस तोच: दाखवायला उतावीळ, द्यायला नाखूश आणि बोलायला इतका गोड की नाखुशी आपल्याला घरी गेल्यावर कळते.

नाना झाशीचे मराठी. म्हणजे नेवाळकरांच्या राज्यात ज्यांचे पूर्वज आले आणि राज्य गेल्यावरही जे हलले नाहीत, त्यांतले. 1842 साली ज्या गणेश मंदिरात राणीचं लग्न लागलं, तिथे भाद्रपदात ही मंडळी अजून जमतात, मराठीत आरती म्हणतात आणि हिंदीत भांडतात. नानांची मराठी व्याकरणाने आपली आणि अदबीने लखनौची. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात हिशेब लिहिण्यात नोकरी गेली, पण कारखान्याचा एक बोल्टसुद्धा त्यांनी कधी "आपलाच आहे" म्हटला नसेल. ते औदार्य त्यांनी निवृत्तीसाठी आणि स्वतःच्या वस्तूंसाठी राखून ठेवलं होतं.

स्कूटर मागा. "आपलीच आहे, साहेब. पेट्रोल तेवढं नाहीये." छत्री मागा. "आपलीच समजा, पण काडी जरा नाजूक आहे." एकदा त्यांच्याकडून माझे साडेतीनशे रुपये यायचे होते. आठवण केली तर म्हणाले, "पैशांचं काय घेऊन बसलात, आपलेच आहेत ते!" आता हे अक्षरशः खरं होतं आणि तक्रारही तीच होती. पण इतक्या प्रेमाने कबूल झालेली बाकी वसूल कशी करायची, हे कोणत्याच बँकेत शिकवत नाहीत. मी बँकेत आहे म्हणून सांगतो.

भेटीचं ठिकाण कायम इलाइट. घरी कधीच नाही, कारण नानींच्या समजुतीप्रमाणे ही सगळी कार्डं नाना निवृत्त झाले त्या वर्षीच रद्दीत गेलेली आहेत. प्रत्यक्षात ती चार खोक्यांत भरून एका झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावर आहेत. भाडं नाही, पावती नाही, कुलूप नाही. रोज लागणारा अल्बम स्कूटरच्या डिकीत असतो. त्यामुळे आमचे सगळे व्यवहार हॉर्नच्या गदारोळात, ई-रिक्षांना वाट देत, उभ्या-उभ्या होतात. पाचची वेळ ठरली की नाना सातला येतात. उशिराबद्दल काही म्हणायची सोय नाही, कारण "वेळ काय, आपलाच आहे." मग पन्नास रुपयांच्या कार्डावर पाऊण तास घासाघीस करतात आणि शेवटी दोन रुपयांसाठी आपल्याला रडवून चहाचे चाळीस रुपये स्वतः देतात. चहाचे पैसे देऊ केले तर मात्र खरोखर दुखावतात. तिथे आपलंबिपलं काही चालत नाही.

आमच्या पिढीला हा नाद कसा लागला ते सांगायला हवं, नाहीतर हल्लीच्या मुलांना वाटेल की आम्ही आयपीएल आल्यावर जागे झालो. त्या काळी 'बिग फन' नावाचं च्युइंगगम मिळायचं आणि त्यात क्रिकेटपटूंची चित्रं यायची. चित्रावर धावा किंवा बळी छापलेले. ते जमवून दुकानदाराला दिले की पानं भराभर सोडल्यावर खेळाडू फटका मारताना दिसे अशी पुस्तिका मिळायची. अख्ख्या देशाच्या दाढा त्यात किडल्या. मग आली डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं: उंची, वजन, छाती, दंड, लढती. वजनात योकोझुना, उंचीत जायंट गोन्झालेझ. मधल्या सुट्टीत एका छातीच्या मापावरून मैत्र्या तुटल्या. त्या बाजारात नियम कडक होते. डबल असेल तरच अदलाबदल. हातातून सुटलं की गेलं, रडलं तरी परत नाही. नाना तेव्हा नोकरीत होते, बापाच्या वयाचे. तरी वर्कशॉप सुटल्यावर शाळेच्या फाटकाशी उभे राहून पोरांशी सौदे करायचे म्हणतात. आज हे केलं तर पोलीस येतील. तेव्हा पोरं फक्त म्हणायची, "काका, तुम्ही चीटिंग करता."

चीटिंग नव्हे, पण छळ नक्की. हल्ली व्यवहार व्हॉट्सअॅपवर चालतो. कुणी कार्डाचा फोटो टाकला की जो पहिला "क्लेम" लिहील त्याचं कार्ड. नाना रात्री दोन वाजता पहिले असतात. क्लेम केल्यावर लिहितात, "आपण निःशंक राहावे." यानंतर तीन आठवडे नाना दिसत नाहीत. विकणारा बिचारा कार्ड बाजूला काढून बसतो, दुसऱ्याला देता येत नाही आणि नानांना विचारावं तर इतकं नम्र उत्तर येतं की आपणच वसुलीचे गुंड वाटायला लागतो. मग एक दिवस पैसे येतात, पूर्ण, वर पोस्टेजचे अकरा रुपये जास्त, आणि संदेश: "विलंबाबद्दल क्षमा. मन आपलंच होतं, पेन्शन सरकारची."

नाना स्वतः पाठवतात ते पार्सल हा स्वतंत्र जाच. कार्ड पातळ प्लास्टिकमध्ये, ते जाड प्लास्टिकमध्ये, ते लग्नपत्रिकेच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये, त्यावर चिकटपट्टीचे इतके वेढे की आतल्या कार्डापेक्षा पट्टीची किंमत जास्त. कात्री लावावी तर कार्ड कापायची भीती. सुरीने एकेक थर सोलत जावं तेव्हा आधी कुणा अनोळखी वधूवरांचा शुभविवाह लागतो, तोही होऊन पंधरा वर्षं झालेला. त्याच्या आत सचिन. आणि सचिनबरोबर नानांच्या हिशेबी अक्षरात चिठ्ठी: "उजवा खालचा कोपरा किंचित नरम. पाठीवर शाईचा ठिपका, मोहरीएवढा. डावी कड छापतानाच तिरकी, माझा दोष नाही. किंमत अधिक वाटल्यास कार्ड ठेवून पैसे परत मागावेत."

ही चिठ्ठी पहिल्यांदा आली तेव्हा मला तो सौजन्याचा अतिरेकच वाटला. भिंग घेऊन बसलो. ठिपका होता, मोहरीएवढाच.

आता इथे अमेरिकेला न्यावं लागेल. तिकडे होनस वॅग्नर नावाच्या बेसबॉल खेळाडूचं सिगारेटच्या पाकिटातलं एक कार्ड आहे, 1909 ते 1911 या काळातलं, दुर्मीळ. त्याची एक प्रत 1991 साली आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार यांनी 4 लाख 51 हजार डॉलरला घेतली. पीएसए ही कार्डांना दहापैकी गुण देणारी कंपनी तेव्हा नवीन होती. तिने पहिल्या क्रमांकाचा दाखला याच कार्डाला दिला, गुण आठ. ऐंशी वर्षांचं कार्ड आणि कडा धारदार! लोक कुजबुजत राहिले. 2013 साली लिलावांच्या धंद्यातला बिल मास्ट्रो न्यायालयात गुन्हा कबूल करताना म्हणाला की हो, त्या कार्डाच्या कडा मीच कापल्या होत्या. ही बातमी मी नानांना इलाइटवर सांगितली. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "कैची लावली?" कुणी गेल्याचं कळल्यावर विचारावं तशा आवाजात. पुढे कितीतरी वेळ ते स्वतःशीच म्हणत होते, "आणि गुण दिले. दहापैकी आठ. कैचीला!" त्यांच्या मते अमेरिकेचं चुकलं ते इथेच. कार्डाची परीक्षा घेत बसले. परीक्षा घ्यायची होती ती विकणाऱ्याची.

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांना नाना म्हणूनच फारसा मान देत नाहीत. ध्यानचंदांचं 35 पैशांचं तिकीट 1980 साली निघालं, ते नानांकडे आहे, पण अल्बममध्ये नाही, पाकिटात. "त्याच्यामागे सरकार उभं आहे. त्यात तुमची-आमची जबान कुठे आली?"

ध्यानचंद म्हटलं की झाशीत प्रत्येकाचं काही ना काही नातं निघतं. कुणाच्या आजोबांनी त्यांच्याबरोबर चहा घेतलेला, कुणाच्या काकांना त्यांची स्टिक लागलेली. सिपरीच्या टेकडीवर त्यांचा पुतळा आहे आणि 1979 च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा अंत्यसंस्कार झाले ते हीरोज मैदानावर. नाना त्या गर्दीत होते. नानांच्या अल्बमचं पहिलं पान ध्यानचंदांचं. त्या पानावर चार खिसे आहेत, तीन भरलेले.

चौथ्यात बर्लिनचं चित्र होतं. 1936 च्या ऑलिंपिकनंतर जर्मनीत सिगारेटच्या पाकिटांत कूपनं यायची. ती पाठवली की खेळांची छायाचित्रं मिळत आणि लोक ती डिंकाने जाड अल्बमात चिकटवत. ज्या 15 ऑगस्टला आपण जर्मनीला 8-1 असं हरवलं, त्या स्पर्धेतल्या हॉकीचं एक चित्र फिरत-फिरत झाशीच्या रेल्वे कॉलनीत आलं. तिथलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं तेव्हा त्यांनी ते नानांना दिलं. पाठीवर त्या जर्मन अल्बमचा काळपट कागद अजून चिकटलेला.

मंदिरातल्या उत्सवात एक पाहुणे आले होते. नाना त्यांचं नाव घेत नाहीत, "इंदूरचे सद्गृहस्थ" म्हणतात. त्यांना ते चित्र फार आवडलं. नाना म्हणाले, "आपलंच आहे, साहेब." सद्गृहस्थांनी आभार मानले, रुमालात गुंडाळलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेले.

मी भडकलो. पत्ता आहे, फोन आहे, मागा की! नाना म्हणाले, "मागू कसा? आपलंच आहे म्हटलं होतं ना मी." आणि मग, जरा थांबून, "त्यांना वाटलं असेल तसं. आठवण झाली की आणून देतील." या वाक्याला कितीतरी गणपती होऊन गेले.

शेवटी मीच जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडून तेच चित्र मागवलं. चित्रापेक्षा टपालखर्च मोठा होता, तेव्हा माझ्या औदार्याचं फार कौतुक करू नये. इलाइटवर नानांच्या हातात दिलं. त्यांनी भिंग लावलं, उलटं केलं, पाठ बघितली आणि म्हणाले, "हे कोरं आहे. कधी चिकटवलंच नाही. उत्तम प्रत." मी म्हटलं, "मग घाला चौथ्या खिशात." त्यांना ते पटेना. "तो खिसा त्यांच्या चित्राचा आहे. ते आणून देतील तेव्हा कुठे ठेवू?"

भेट म्हणून घ्यायलाही तयार नव्हते. बऱ्याच आग्रहानंतर "आठ दिवस पाहायला ठेवतो" एवढ्यावर तोडगा निघाला. वहीत नोंद केली: चित्राचं नाव, माझं नाव, तारीख, परतीची तारीख. ही होळीच्या आधीची गोष्ट. परवा गणेश मंदिरात आरतीनंतर नाना भेटले. विषय काढायचं ठरवूनच गेलो होतो. पण त्यांनी आधी आईच्या गुडघ्याची चौकशी केली, भाचा आता कितवीत गेला ते विचारलं, हातावर प्रसादाचा पेढा ठेवला आणि मला तोंड उघडता येईना. शिवाय शेजारी नानी उभ्या होत्या, आणि नानींच्या समजुतीप्रमाणे नानांकडे एकही कार्ड नाही.