सामान निघालं एसीत राहायला!

ऐकलंत का? या मुंबईत माणसाला पाय पसरायला जागा नाही आणि लोक आता सोफ्यासाठी वेगळी खोली भाड्याने घेताहेत! तीसुद्धा एसी! तीसुद्धा चोवीस तास सीसीटीव्हीच्या पहाऱ्यात! बरं, सोफा तरी कुठला? ज्याची स्प्रिंग टोचते म्हणून त्यावर वर्षानुवर्षं फक्त वाळलेल्या कपड्यांचा ढीग बसला, तो! शिव शिव शिव, काय हे दिवस आले!

सगळं केलं त्या रीडेव्हलपमेंटने. मुलुंड म्हणू नका, पार्ले म्हणू नका, कोथरूड म्हणू नका, जिकडे बघावं तिकडे जुन्या सोसायट्या रिकाम्या होताहेत. बिल्डर भाडं देतो, शिफ्टिंगचे पैसेही देतो. पण अख्खी बिल्डिंग एकाच महिन्यात घर शोधायला निघाली की आसपासची भाडी चढणार नाहीत तर काय उतरणार? पुन्हा मुलांची शाळा सुटायला नको, आजोबांचे डॉक्टर लांब पडायला नकोत. मग टू बीएचकेवाले मुकाट त्याच गल्लीतल्या वन बीएचकेत घुसतात. माणसं कशीबशी मावतात. सामानाचं काय?

विकायचं? वाटायचं? नाव काढू नका! सोसायटी पाडायला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. पण माळ्यावरचा तांब्याचा बंब मोडीत काढायचा म्हटलं, तर घरात शंभर टक्के संमती लागते आणि सासूबाई सभात्याग करतात. बंबाच्या मागोमाग मुलीच्या रुखवतातलं तुळशीवृंदावन, तीस वर्षांचे दिवाळी अंक, पट्टा तुटलेली ट्रेडमिल आणि ‘लागेल कधीतरी’ या गोत्रातली खोकीच खोकी. चला सगळी स्टोरेजला!

आणि युनिट बघायला निघालेली मंडळी बघावीत! मुलीला स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हती. कालपर्यंत एफएसआयवर घसा कोरडा करणारे काका आज छताची उंची विचारताहेत. का? तर भाडं जमिनीच्या चौरस फुटावर, मग वरची हवा फुकट का सोडायची? खोकी छतापर्यंत रचू! काकू भिंतीला तळहात लावून ओल चाचपतात. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा लाकडाचं काय करते, हे त्यांना कुणी शिकवायला नको. चिरंजीव टेप काढून लिफ्टचं दार मोजतात, कारण १९२३ पासून गोदरेज कपाटं बनवतंय आणि त्यातलं एक तरी आपल्या घरात आहेच, आणि ते हलवायला चार हमाल लागतातच. पेस्ट कंट्रोल कधी करता? कुलूप आमचं की तुमचं? रविवारी उघडं असतं का? नोटीस किती दिवसांची? पॅलेटवर ठेवलंत तर मध्येच एखादी वस्तू काढायला मिळेल का? ५० फुटांत वन बीएचकेचं सामान बसतं, १०० फुटांत टू बीएचकेचं, असा ठोकताळा तिथला पोरगा सांगतो. आणि आपण? ‘७५ चं नाही का हो?’ घासाघीस केल्याशिवाय मराठी माणूस सही करेल?

खरी गंमत पॅकिंगच्या दिवशी. पॅकर्सचा माणूस यादी करतो आणि प्रत्येक वस्तूपुढे निर्विकारपणे लिहितो : ओल्ड, स्क्रॅच्ड. डायनिंग टेबल – ओल्ड, स्क्रॅच्ड. ड्रेसिंग टेबल – ओल्ड, स्क्रॅच्ड. उद्या नुकसानीचा दावा आला तर हात वर करायला बरं, म्हणून लिहितो बिचारा. पण मालकीणबाईंचा पारा? ‘कुठाय स्क्रॅच? दाखवा मला!’ तो बोट ठेवून दाखवतो. ‘तो स्क्रॅच नाही, ते डिझाइन आहे!’

आता थोडं गणित, पण दार लावून घ्या. समजा महिना पाच हजार भाडं. त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले ५,९००. इमारतीला तीन वर्षं लागतील असं बिल्डर म्हणतो, म्हणजे निदान तीन. ३६ महिन्यांचे झाले २ लाख १२ हजार ४००! आतल्या सामानाला भंगारवाला वीस हजार देईल, तेही बंबातल्या तांब्याकडे बघून. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

आणि हे खूळ काही आपल्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत अशी ५० हजारांहून जास्त स्टोरेजं आहेत. ‘पब्लिक स्टोरेज’ नावाची कंपनी १९७२ पासून याच धंद्यावर गब्बर झाली. भाडं थकलं की तिथे युनिटचा लिलाव होतो आणि त्या लिलावांवर २०१० पासून ‘स्टोरेज वॉर्स’ नावाचा टीव्ही शो चालला! न्यू जर्सीतल्या भाच्याकडे बेसमेंट आहे, गॅरेज आहे, गाडी मात्र रस्त्यावर आणि वरून स्टोरेजचं भाडं. त्याला आपण हसलो होतो ना? खूप हसलो होतो.

सगळ्यात कहर ते मिनिमलिझमवाले. मारी कोंडो वाचून यांनी हॉल असा मोकळा केला की बोललं तर घुमतं. एक सतरंजी, एक कुंडी, बास. फोटो काढले, लाइक मिळवले. सामान कुठे गेलं? दोन स्टेशनं सोडून, १०० फुटांत, बबल रॅपमध्ये! याला म्हणतात विरक्ती!

गॅस सिलिंडर, रोकड, दागिने, खाण्याचे पदार्थ ठेवायला तिथे सक्त मनाई. तरी लोणच्याची बरणी ‘काचसामान’ म्हणून आत गेल्याची खबर आहे. काहींचं तर नवीन घर ताब्यात आलं, वास्तुशांत झाली, पेढे वाटून झाले, तरी युनिट सुटलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, ‘इंटीरिअरला सूट होत नाही हो ते.’ मग टाका की! ‘असं कसं टाकायचं?’

तुम्ही त्यातले नाही? नक्की? मग ती दर महिन्याच्या पाच तारखेला कापली जाणारी रक्कम कसली? एसआयपी? कोणती एसआयपी १८ टक्के जीएसटी लावते हो? असू दे, असू दे. इथे बसलेल्या निम्म्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक अनोळखी किल्ली आहेच, आणि उरलेले निम्मे दर विचारून आलेत. आणि ऐका, लिफ्टजवळचं ७५ फुटी एक तारखेला रिकामं होतंय म्हणे. कुणाजवळ बोलू नका, आधी आपण बघून येऊ.