मंगळवारी वाघ बंद

आमच्या घरात आजवर दोनच गोष्टींचं बारीक नियोजन झालं. धाकटीचं लग्न आणि ताडोबा. लग्नाला निदान नवरामुलगा येणार हे नक्की होतं.

ताडोबाची सूत्रं मेहुण्यांनी आपणहून हाती घेतली. 'मिशन वाघ' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला आणि पहिल्याच संदेशात फर्मान सुटलं, जायचं ते मे महिन्यात. का, तर तेव्हा जंगलातलं पाणी आटतं आणि उरलेल्या पाणवठ्यावर वाघाला झक मारत यावं लागतं. त्याची तहान हे आमचं भांडवल. चंद्रपुरात तेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, ही बातमी ग्रुपवर आली तोवर नागपूरची विमानाची तिकिटं निघाली होती.

ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, राज्यातलं सर्वांत जुनं. १९९५ मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्रप्रकल्प झाला. इतक्या वर्षांत आम्हाला सवड झाली नाही. झाली ती नेमकी त्याच आठवड्यात, ज्या आठवड्यात उरलेल्या महाराष्ट्रालाही झाली.

मग कोअर की बफर यावर खल झाला. मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही कोअरची गेटं. आगरझरी, जुनोना, देवाडा ही बफरची. सासूबाईंना हा भेद एका वाक्यात कळला. "कोअर म्हणजे गाभारा. तिथं नंबर लागला नाही तर लांबून मुखदर्शन घ्यायचं." नंबर लागला नाहीच. मेहुण्यांनी रात्र जागून एक दिवस मोकळा शोधून काढला, तो मंगळवार निघाला. मंगळवारी सफारी बंद असते. "वाघाचाही उपास असेल," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी बफरच्या दोन आणि कोअरची एक अशा तीन सफाऱ्या मिळाल्या. एका जिप्सीत सहा पर्यटक, आम्ही सात. कोणाला वगळायचं यावरून घरात जे झालं त्याला वनखात्याच्या भाषेत हद्दीची झुंज म्हणतात. त्यातच आधार कार्डावरचं आणि बुकिंगमधलं नाव जुळलं पाहिजे असं कळलं. मेहुण्यांनी कौतुकानं धाकट्याचं नाव 'बंटी' टाकलं होतं. वाघाला टी-अमुक असा क्रमांक असतो, पण त्याला तो गेटवर दाखवावा लागत नाही.

खरेदीत मेहुण्यांनी स्वतःसाठी हिरव्या पानापानांचा पोशाख घेतला. जंगलात मिसळून जायला. मे महिन्यात सागाला पान नसतं. त्या करड्या जंगलात हिरवे असे मेहुणे एकटेच दिसणार.

खरा धक्का पुढे होता. कोअरमध्ये मोबाइल चालत नाही. ग्रुपवर शोककळा पसरली. "मग वाघ दिसला याला पुरावा काय?" हा प्रश्न भाच्यानं विचारला आणि सहलीचा हेतूच संशयास्पद झाला. मी विषय बदलायला म्हणून तारूची कथा टाकली. तारू हा गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. त्याच्यावरून ताडोबा हे नाव पडलं असं सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात जत्रा भरते. यावर मेहुण्यांचं उत्तर आलं, "म्हणजे साइटिंग झालं त्याला. लकी!"

राहण्याची सोय मोहर्लीजवळ एका बाईंच्या घरी केली होती. मेहुण्यांच्या आज्ञेवरून मी त्यांना फोन करून विचारलं, वाघ नक्की दिसेल ना?

"आता कसा सांगू भाऊ," बाई म्हणाल्या. "तुमाले दिसावा मनून तुमी पैसे भरता. आमी तेंदूपत्त्याले जातो तवा दिसू नये मनून देवाले हात जोडतो."

जेवणात काय हवं हे त्यांनी पुढे विचारलं, पण माझं लक्ष नव्हतं. आमची सफारी मे महिन्यात आणि तेंदूपत्ताही मे महिन्यातच. त्याआधी मोहफुलं. पहाटे पायी जायचं, वाकून वेचायचं, तोडायचं. ना जिप्सी, ना गाइड, ना परतीची हमी. दर उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातून तशा बातम्या येतात. आपल्या पेपरात त्या आतल्या पानावर असतात आणि वाघिणीच्या बछड्यांचे फोटो पहिल्या पानावर.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मेहुण्यांच्या नावापुढे बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मला वाटलं, माणूस हलला.

संदेश आला : "तेंदूपत्त्याची सकाळची शिफ्ट ऑनलाइन मिळते का, विचार. तिथं साइटिंग पक्कं दिसतंय."