रिकाम्या टाकीची निगा : सोनारीकरांसाठी सूचना

काचेची टाकी घरात आल्यापासून तिच्यात पहिला मासा सोडेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. या काळात टाकीत पाणी असते, वाळू असते, फिल्टर बुडबुडत असतो, वर दिवाही लागलेला असतो. मासा तेवढा नसतो. यातले रसायनशास्त्र सोपे आहे. अवघड आहे ते सोनारीत राहून तेवढे दिवस गावाला तोंड देणे. सबब या सूचना.

टाकी चैत्रातल्या भैरवनाथाच्या यात्रेच्या तोंडावर मांडू नये. कुलदैवताला आलेले पाहुणे घरी उतरतात, आणि त्यांतला एखादा मायाळू मामा रिकामी टाकी न बघवून बार्शीहून प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन गोल्डफिश घेऊन येतो. मामाला नाही म्हणता येत नाही. चार-आठ दिवसांत मासे उलटे तरंगू लागतात आणि टाकी दक्षिणेला ठेवल्याचा ठपका घरच्या सुनेवर येतो. दिशेचा यात काही संबंध नसतो. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, तो नव्या पाण्यात साठतो आणि माशालाच मारतो. आपल्या बोअरच्या पाण्याचा सामू बहुधा चढाच असतो. तो 7 वरून 8 वर गेला की अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते.

या अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू असतात आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे दुसरे. सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते 1890 च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. दोन्ही कामे एकटाच उरकणारा जिवाणू सापडल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले, पण म्हणून आपल्या टाकीचे आठवडे कमी झालेले नाहीत. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. त्यांना बसायला जागा, हवा आणि खायला अमोनिया लागतो. मासा नसताना तो आपण पुरवायचा.

त्यासाठी नवसागर आणावा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाल्याच्या पिशवीतला. तो मागताना मान खाली घालू नये. दुकानदार एकदा तुमच्याकडे आणि एकदा रस्त्याकडे बघेल आणि हळूच विचारील, "काळा गूळ किती देऊ?" हातभट्टीचा आणि आपला कच्चा माल एकच आहे, याला इलाज नाही. "फिशटँकसाठी पाहिजे" असे सांगितल्यास संशय दुणावतो. आजवर इतकी कल्पक सबब त्याने ऐकलेली नसते.

पन्नास लिटर पाण्याला एका वेळी साधारण 0.3 ग्रॅम नवसागर पुरतो. दुकानदार शंभर ग्रॅमच्या खाली पुडी बांधत नाही, त्यामुळे एवढा नवसागर नातवंडांनाही पुरेल. मोजायला सराफाचा काटा लागेल. सराफ काय म्हणेल ते ऐकून घ्यावे. शेतातल्या युरियाच्या गोणीकडे मात्र वळू नये. युरियाचा अमोनिया व्हायला आणखी एक पायरी लागते आणि किती टाकला याचा हिशेब राहत नाही.

नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. ती जंतू मारते, आणि आपण नेमके जंतूच पाळत आहोत. म्हणून पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच भरावे. बोअरचे पाणी जड म्हणून नाक मुरडू नये, जिवाणूंना त्यातले क्षार मानवतात. बार्शीत किंवा परंड्यात कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्यावा. हे विरजण लागले की सहा आठवड्यांचे काम दोन-तीनात होते.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होईल. घरातली सगळी माणसे ते बदला म्हणतील. बदलू नये. आजी म्हणतील, "नुसत्या पाण्याला काय बघत बसलास लेका, मासं कवा यायचं?" त्यांना आदराने "जिवाणू येतायत" असे सांगू नये, त्या अंगारा आणतील आणि टाकीत टाकतील. गावात हे पटकन समजते ते ऊसवाल्याला. शेतात युरिया टाकल्यावर जमिनीत हेच घडते आणि नायट्रेट ऊस उचलतो. तो टाकीकडे बघून एवढेच विचारील, "मग ह्यात ऊस कुठं हाय?" प्रश्न बरोबर आहे. थोडी पाणवनस्पती लावावी.

झाकण घट्ट बसवावे. सोनारीत माकडे देवळाच्या मालकीची, म्हणजे व्यवहारात सगळ्या गावाचे मालक. कौलावरून आलेले माकड टाकीत हात घालून काही सापडत नाही म्हणून चिडते, आणि हातातले प्रसादाचे खोबरे आत सोडून जाते. कुजलेल्या खोबऱ्याचाही अमोनियाच होतो, पण त्याचे माप सराफाच्या काट्यावर झालेले नसते. वीज गेली की फिल्टर थांबतो आणि जिवाणूंची हवा तुटते. बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असावा, नाहीतर तांब्याने पाणी वर-खाली करीत बसावे. तसे बसलेले असताना पाहुणे येतातच.

टेस्ट किटवर आधी अमोनिया चढेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल. नायट्राइटच्या पट्टीचा गडद जांभळा रंग आठवडाभर हलत नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. आज टाकलेला नवसागर उद्यापर्यंत पुरता संपला आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार. बरेचसे पाणी बदलून साठलेला नायट्रेट काढावा आणि मासे आणायला निघावे.

मासे गप्पी आणावेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाते ते फुकट देते. ज्या सिमेंटच्या हौदातून ते मिळतील तिथे फिल्टर नसतो, दिवा नसतो, किट नसते; शेवाळलेल्या पाण्यात ते पिढ्यान्‌पिढ्या मजेत असतात. हौदाकडे फार वेळ बघू नये. तीन-चार घेऊन यावे. पावसाळा संपेपर्यंत त्यांचे तीस-चाळीस होतील आणि शेजारचा पोरगा बरणी घेऊन दारात उभा राहील. त्याला लगेच मासे देऊ नयेत. उरलेल्या नवसागराची पुडी द्यावी आणि त्याच्या वडिलांना आधी कळवावे.