चिखल्याची बिनतारी घंटी

चिखल्याच्या भाऊजींनी फाटकाजवळ गाडी ओळखणारा सेन्सर पुरला. हिंजवडीतल्या पुतण्याने तो पार्सलने पाठवला होता. परदेशात म्हणे रस्त्यापासून घरापर्यंतची खासगी वाटच इतकी लांब असते की कोणाची गाडी आत शिरली हे घरात कळत नाही. भाऊजींचे फाटक ते ओसरी हे अंतर एका खाकरण्याचे आहे. पण पुतण्याने पैसे मोजले होते, आणि तलाठी म्हणून निवृत्त झालेला माणूस फुकट आलेली वस्तू परत पाठवत नसतो.

यंत्र हुशार आहे, यात वाद नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सगळीकडे पसरलेले असते. त्यात टनभर लोखंड येऊन उभे राहिले की ते तेवढ्यापुरते जरा वाकते. जमिनीतली डबी ते वाकणे टिपते आणि 865 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून, जिथे कमी ताकदीच्या यंत्राला आपल्याकडे परवाना लागत नाही, घरातल्या डबीला कळवते. मग घंटी वाजते. गाय गेली, कुत्रे गेले, उमेदवार हात जोडून पायी आला, तर ती गप्प राहते.

शंका काढली गुरुजींनी. "भाऊजी, अठी खाली सारा मॅंगनीज हाय. तुमची डबी येडी होईन ना." शंका अगदीच टाकाऊ नव्हती. चिखल्याच्या पोटातून मॅंगनीज काढणे साहेबाच्या काळापासून चालू आहे. 1962 पासून ते काम मॉईल ही कंपनी करते. आपल्याकडचे बहुतेक मॅंगनीज चुंबकाला फारशी दाद देत नाही. पण फर्मर नावाच्या भूगर्भतज्ज्ञाने 1909 साली शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या एका मॅंगनीज खनिजाची नोंद केली, ते चुंबकाला चांगलेच ओढले जाते. पुतण्याने फोनवर खुलासा केला: "काकाजी, घाबरू नका. जे कायमचं तिथंच आहे, ते सेन्सर पहिल्याच दिवशी नेहमीचं म्हणून धरतो. बदल झाला तरच बोलतो. फाटकात ट्रॅक्टर उभा करून ठेवला, तर थोड्या वेळानं त्यालाही नेहमीचं समजेल."

भाऊजी हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे खात्यातलाच हाय."

खरी अडचण निघाली रात्री. फाटक रस्त्याला चिकटून, त्यामुळे रस्त्यावरून भरलेला टिप्पर गेला की घंटी, रिकामा परत आला की घंटी. भाऊजींची झोप उडाली. पुतण्याने पुन्हा फोनवर उपाय सांगितला, मागे एक चक्री आहे, ती फिरवून संवेदनशीलता कमी करा. भाऊजी भडकले. "अरे, संवेदनशीलता कमी करनं मले नको शिकवू. नोकरीभर तेच केलं!" चक्री फिरवली. आता टिप्पर जातो आणि घंटी झोपते.

इथे बाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. जवळून बावनथडी वाहते. तिच्यात रेती आहे. रेतीला धोरण आहे, आणि धोरणालाही पूर येतो. 2023 साली सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रासने रेती मिळायची होती. 2025 च्या धोरणात घरकुलवाल्याला पाच ब्रासपर्यंत ती फुकट झाली. पावसाळ्यात उत्खनन बंद. एरवीही उत्खनन उजेडी, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. त्यामुळे रात्री बारा वाजता धावणाऱ्या टिप्परमधली ओली रेती ही दिवसाच काढलेली असणार, फक्त तिला वाळायला वेळ मिळाला नसणार. घाटाचा लिलाव अडला तरी तालुक्यातला स्लॅब अडल्याचे मी पाहिलेले नाही. भाऊजींच्या फाटकाचे खांबही अशाच एका बंदीत उभे राहिले. रेती कुठून आणली हे मी विचारले नाही आणि त्यांनी पावती दाखवली नाही.

सरकारकडे सेन्सर नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. महाखनिज नावाची प्रणाली आहे, तिच्यावरून वाहतूक पास निघतो, टिप्परला जीपीएस सक्तीचा आहे, घाटावर कॅमेरे आहेत, घाटाभोवती अदृश्य कुंपण आहे. कागदावर रेतीचा टिप्पर चांद्रयानापेक्षा जास्त नजरेखाली असतो. पण या सगळ्या यंत्रणेचा स्वभाव भाऊजींच्या डबीसारखाच. टिप्पर एकदा गेला तेव्हा ती दचकली असेल. रोज जायला लागला, तसा तो नेहमीचा झाला.

तहसीलदारांची गाडी रोज येत नाही. म्हणून तिच्यासाठी वेगळी बिनतारी यंत्रणा आहे, आणि तिच्यापुढे परदेशी डबीने पाणी भरावे. तिला 'लोकेशन' म्हणतात. चौकात पानठेल्यावर एक पोरगा, फाट्यावर मोटारसायकलवर दुसरा, कचेरीसमोर चहा पीत तिसरा. साहेबांनी चावी फिरवली की ग्रुपवर मेसेज: 'मामा निघाले.' बॅटरी म्हणजे खर्रा आणि दिवसाची मजुरी. डबीला फक्त लोखंड कळते. पोरग्याला गाडीत साहेब आहेत की बाईसाहेब, मागे पोलिसांची गाडी आहे की नाही, आणि मोर्चा घाटाकडे आहे की लग्नाकडे, एवढे सगळे कळते. राज्यात रोजगार नाही म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री फाट्यावर यावे.

गेल्या आठवड्यात असाच एक टिप्परमालक भाऊजींकडे आला. शिरताना घंटी वाजली, कारण तो बोलेरोने आला होता. डबी हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिली.

"भाऊजी, पोट्टे रात्री झोपतेत. हे झोपत नाही का?"

"नाही. पन गाडीतला मानूस वळखत नाही."

"चालते. मले एक सांगा, सरकार आता नव्या गाड्या बॅटरीच्या घेऊन राह्यलं म्हन्ते. त्याचा आवाज नाही येत. पोट्ट्यायले आयकू नाही येनार. हे वाजन का?"

"लोखंड त थेच हाय. वाजन."

त्याने तिथल्या तिथे सहा डब्यांची ऑर्डर दिली. चार अलीकडच्या वाटेला, दोन पलीकडच्या काठावर, बालाघाट जिल्ह्यात, तिकडे त्याचे साळे आहेत. पुतण्याला फोन लागला, भाव ठरला. फक्त बिलावर कारण काय लिहायचे, एवढे अडले. अनुभव भाऊजींचाच कामी आला. ते म्हणाले, "वन्यप्राणी निरीक्षण लिहून दे."