पाच मिलिमीटरची शिल्लक

मोजणी खात्यातून सन्मानपूर्वक निवृत्त झालेल्या मामांना मोटारीच्या परीक्षेस बरोबर नेणे म्हणजे वादातला बांध आपण होऊन सरकारला दाखविणे होय. मेव्हण्याने नुकतीच घेतलेली, 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' ही भारदस्त उपाधी मिरविणारी गाडी एक दिवस मागून घ्यावी, पुणे-वाई-पाचगणी अशी फेरी करावी आणि तसलीच एक आपणही घ्यावी किंवा कसे याचा निकाल लावावा, एवढाच आमचा मर्यादित हेतू होता; परंतु गाडी फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच मामांनी खिशातून फीत काढून तिची रीतसर मोजणी केली आणि लांबी ३,९९५ मिलिमीटर भरल्याचे जाहीर केले.

"चार मीटरला पाच मिलिमीटर कमी का?"

लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सी.सी.च्या आत असेल, तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, मर्यादा ओलांडली की ४०, असा खुलासा मी केला. "म्हणजे ही कारखान्यात जन्मली खरी, पण गर्भधारणा करखात्यात झाली," असा शेरा मारून मामा पुढच्या आसनावर स्थानापन्न झाले. मागे मामी, सौभाग्यवती आणि मधल्या जागी आमचे चिरंजीव, ज्यांच्या लेखी छताला उघडणारी काच आहे की नाही याखेरीज मोटारीत तपासण्याजोगे काहीच नव्हते.

साताऱ्याच्या हमरस्त्याविषयी लिहिण्यासारखे काही घडले नाही. माहितीपत्रकात जमिनीपासूनची जी उंची छापतात ती बहुधा रिकाम्या गाडीची असते, याची मात्र वाईच्या अलीकडील एका गतिरोधकाने पाच माणसे व फराळाचे डबे यांसह आमच्याकडून खडखडीत रुजवात करून घेतली. पुढे पसरणी घाटात तीन सिलिंडरांचे ते इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये कण्हू लागताच वातानुकूलन यंत्रास रजा मंजूर करावी लागली. या किमतीच्या गाड्यांत चारी चाकांना जोर मिळण्याची सोय सहसा नसते; पुढची दोन राबतात, मागची दोन सोबतीला येतात. जाहिरातीतले वाळवंट, नदीपात्र आणि हिमशिखर यांचा निकाल माझ्यापुरता तेथेच लागला.

पाचगणीस मात्र अनपेक्षित साक्ष निघाली. नेहमीच्या ठेंगण्या मोटारीतून उठताना मामींना एक हात दाराला, एक मामांच्या खांद्याला आणि मुखी देवाचे नाव एवढी सामग्री लागते. उंच जीपमध्ये चढताना तर स्टूलही. येथे त्यांनी नुसते पाय बाहेर फिरविले, ते थेट जमिनीला टेकले आणि त्या उभ्या राहिल्या. "अहो, गुडघ्याला कळलंसुद्धा नाही!" असे उद्गारून त्या पुन्हा आत बसल्या, पुन्हा उतरल्या, आणि तिसऱ्या खेपेस शेजारच्या गाडीतील दोन वृद्धा तो प्रयोग पाहावयास येऊन उभ्या राहिल्या. या मोटारी पर्वतांसाठी नसून गुडघ्यांसाठी विकल्या जातात, असे माझे ठाम मत झाले.

परतीस मामींनी पुढचे आसन हक्काने बळकाविले. चिरंजीवांनी खिडकी सोडण्यास साफ नकार दिल्यामुळे मागच्या बाकावरील मधली जागा, जी वस्तुतः अर्ध्या माणसाच्या मापाची आहे, मामांच्या वाट्यास आली. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत ते निमूटपणे बसले होते. मग गुडघे हनुवटीपाशी घेऊन, अत्यंत हलक्या आवाजात त्यांनी विचारले,

"ते चाळीस टक्केवालीचे हप्ते साधारण कितीचे पडतात रे?"